बेलिनीच्या मॅडोनाची नक्कल: निळा झगा काळा का पडतोय?

कुंचला_४७: तैलरंग शिकण्यासाठी इटालियन चित्रकार जोव्हानी बेलिनीचं 'मॅडोना ऑफ द मेडो', म्हणजे मेरी आणि बाळ येशूचं चित्र (१५०० च्या सुमाराचं, लंडनची नॅशनल गॅलरी) उतरवतोय. ४५ × ६० सेंमी तयार कॅनव्हास. बर्न्ट अंबरच्या (गडद तपकिरी) अंडरपेंटिंगवर, म्हणजे खालच्या थरावर, अल्ट्रामरीनचा (गडद निळा) ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर दिला, तर झगा काळपट झाला. काही ठिकाणी ग्लेझ थेंब-थेंब होऊन आकसतोय. बाळाचं अंग खडू फासल्यासारखं. काय चुकतंय?

जवसतेल: अल्ट्रामरीन पारदर्शक. खालचा तपकिरी थर प्रकाश गिळतो, मग वर कितीही निळा चढवा, काळाच दिसणार. झग्याखाली पांढरा + थोडा अल्ट्रामरीन घेऊन तीन छटांत घड्या बसवा, आणि शेवटी हव्या त्यापेक्षा बऱ्याच फिकट ठेवा. सुकल्यावर ग्लेझ: एक भाग स्टँड ऑइल (घट्ट केलेलं जवस तेल), दोन भाग टर्पेंटाइन, रंग अगदी चिमूटभर. लावून झाला की कोरड्या मऊ ब्रशने पसरून पातळ करा. खोल घडीत काळा नको. अल्ट्रामरीनमध्ये किंचित अलिझरिन (गर्द लाल रंग), तेही 'परमनंट' लिहिलेलं, कारण मूळ अलिझरिन उजेडात उडतं.

जाता जाता: मूळ चित्र अंदाजे ६७ × ८६ सेंमी आहे. ४५ उंचीला रुंदी ५८ च येते. चौकोन आखून उतरवताना हे दोन सेंमी सोडा, नाहीतर आकृती रुंदावते.

रंगधानी: आकसण्याचं कारण खालचा थर तुकतुकीत आणि तेलकट असणं. कापलेला कांदा हलक्या हाताने फिरवून वाळू द्या, ग्लेझ धरतो. ही जुनी युक्ती आहे. टर्पेंटाइन वाढवून प्रश्न सुटत नाही, उलट रंगाला धरून ठेवणारं तेलच कमी पडतं. अंबर एक-दोन दिवसांत सुकतो, टायटॅनियम (पांढरा) आणि अल्ट्रामरीनला आठवडाही लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात आणखी. घाई केली की वरचा थर आधी आवळतो आणि तडे जातात.

त्वचेचं म्हणाल तर बेलिनीकडे शिशाचा पांढरा होता, उबदार आणि थोडा पारदर्शक. टायटॅनियम थंड आणि जबरदस्त झाकणारा. तो निम्म्यावर आणा, यलो ऑकर आणि कणभर कॅडमियम रेड घाला. सावलीत पांढरा घालूच नका. झिंक व्हाइटने भागवू नका, तो ठिसूळ होतो.

कुंचला_४७: मग आताचा निळा खरवडू का?

जवसतेल: ओला असेल तर पॅलेट नाइफने काढा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. सुकला असेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा, म्हणजे वरचा थर धरेल. आणि जवस तेलाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नका, आपोआप पेट घेतात. मोकळी पसरून वाळवा.