सिझरच्या बाळाला पहिल्या रात्रीच पावडर दिली जाते, वॉर्डात काय बदलता येईल?

परिचारिका_उपजिल्हा:
आमच्याकडे नॉर्मल डिलिव्हरीचं बाळ तासाभरात आईला लागतं. अडचण सिझरची आहे. बाळ आधी वॉर्मरखाली जातं, मग बाहेर आजीच्या हातात, आणि आई वॉर्डात येईपर्यंत दोन-तीन तास होतात. तोवर कुणीतरी मेडिकलमधून पावडरचा डबा आणि बाटली घेऊन आलेलं असतं. "पान्हा फुटला नाही, सलाईन चालू आहे, लेकराला उपाशी ठेवायचं का?" यावर रात्रपाळीची एकटी सिस्टर किती जणांशी वाद घालणार? स्तनपानाच्या 'माँ' या सरकारी कार्यक्रमाची पोस्टरं भिंतीवर आहेत, ट्रेनिंगही झालंय. जादा माणूस मिळणार नाही हे धरूनच सांगा. ओटीतच (ऑपरेशन थिएटरमध्ये) पाजता येतं का? टाके असलेल्या बाईने बाळ धरायचं कसं? आणि निपल आत असेल तर काय करायचं?

बालरोग_वऱ्हाड:
सिस्टर, तुमचं निदान बरोबर आहे. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच. बाई दवाखान्यापर्यंत पोचते, पुढचा तास आपण घालवतो.

स्पायनलमध्ये (पाठीत सुई देऊन कमरेखाली दिलेली भूल) आई शुद्धीत असते, त्यामुळे ओटीत पाजता येतं. बाळ रडलं, श्वास आणि रंग नीट आहे, की कोरडं करून टोपी घाला आणि टाके घालणं चालू असतानाच आईच्या उघड्या छातीवर आडवं ठेवा. वरून कोरडं, उबदार फडकं. पोटाकडे वजन जाता कामा नये. ईसीजीचे पॅच खांद्यांकडे लावायला भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा, छातीच्या मध्यावर चिकटवले की बाळाला जागाच राहत नाही. बाळाचं नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे, मान दुमडलेली नको, आणि कुणीतरी तिथेच उभं हवं. आई गुंगीत असेल तर बाळ तिच्यावर ठेवून बाजूला जायचं नाही. पूर्ण भूल दिली असेल तर ती जागी होऊन नीट बोलायला लागली की लावा. वजन आणि व्हिटॅमिन के तासाभराने झालं तरी चालतं.

एक बारीक गोष्ट सलाईनची. सुई मनगटाच्या किंवा कोपराच्या घडीत असली की हात वाकवता येत नाही आणि बाई बाळ धरायलाच घाबरते. शक्यतो हाताच्या सरळ भागात घ्या. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक किंवा सेफोटॅक्झिम चालू असताना पाजायला हरकत नाही. उलट कळ मारत असेल तर दूध उतरायला वेळ लागतो, म्हणून वेदनाशामक वेळेवर द्या.

वॉर्डात आईला कुशीवर करा, पाठीमागे घडी घातलेली चादर, गुडघ्यांमध्ये उशी. बाळाचं पोट आईकडे, कान-खांदा-कंबर एका रेषेत. बसता यायला लागल्यावर बाळ बगलेत धरलं की टाक्यांवर भार येत नाही. तोंड मोठं उघडलं की बाळाला स्तनाकडे आणायचं. आईने वाकून स्तन तोंडात कोंबायचा नाही. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी टेकलेली, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय, म्हणजे पकड बरोबर. नुसतं निपल तोंडात असेल तर चिरा पडणारच.

आजीच्या प्रश्नाला उत्तर आकड्यात द्या. पहिल्या २४ तासांत निरोगी, पूर्ण दिवसांचं बाळ एका वेळी २ ते १० मिली घेतं, आणि तेवढा चीक (पहिलं घट्ट दूध) असतो. भरपूर दूध उतरायला दोन-तीन दिवस लागतात, सिझरनंतर थोडे जास्तही. बाटलीने ३० मिली पावडर गेली की बाळ चार-पाच तास झोपतं, ओढत नाही, आणि ओढलं नाही तर दूध वाढत नाही.

एसएनसीयू_इन्चार्ज (आजारी नवजात बाळांचा कक्ष):
वरचं सगळं मान्य, पण "पावडर कधीच नाही" असा नियम लावू नका. २५०० ग्रॅमखालचं, दिवस भरण्याआधी झालेलं किंवा मधुमेही आईचं बाळ असेल तर साखर तपासा. ४५ मिग्रॅ/डेलीच्या खाली आली, किंवा बाळ सुस्त आहे, थरथरतंय, ओढत नाही, तर डॉक्टरांना लगेच बोलवा. अशा बाळाला काय आणि किती द्यायचं ते डॉक्टर केसपेपरवर लिहितील, नातेवाइकांनी ठरवायचं नाही.

ओढू न शकणाऱ्या बाळासाठी हाताने चीक काढायला पहिल्या काही तासांतच सुरुवात करा. हात धुऊन अंगठा आणि बोट निपलपासून साधारण ३ सेंटीमीटर मागे ठेवायचं, आधी छातीकडे दाबायचं, मग चिमटीत दाबून सोडायचं. कातडीवर बोटं घासायची नाहीत आणि निपल पिळायचं नाही. सुरुवातीला थेंबच येतात, ते बिनसुईच्या २ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून घ्या. वाटीत काढलं तर निम्मं वाटीलाच चिकटतं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

द्यायचं बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने. बाळ अर्धवट बसतं धरा, चोच ओठाच्या कोपऱ्याला लावा, थोडं ओता, गिळलेलं पाहा, मग पुढचं. आडव्या बाळाच्या घशात ओतलं की ठसका लागून दूध श्वासात जातं. बोंडलं प्रत्येक वेळी घासून १० मिनिटं उकळा.

स्तनपान_समुपदेशक:
आत गेलेल्या निपलसाठी नवी १० मिलीची सिरिंज, निपल मोठं असेल तर २०. सुई लावायचं टोक ब्लेडने सरळ कापा, दट्ट्या काढून *कापलेल्या* बाजूने आत घाला. मूळची गुळगुळीत कड स्तनाला लागली पाहिजे, उलटं केलं की धारेने जखम होते. पाजण्याआधी अर्धा ते एक मिनिट हळू ओढायचं, आणि ते आईनेच. दुखलं की दट्ट्या आत ढकलून सोडायचं. आणि बाळ निपलवर नाही, स्तनावर ओढतं, त्यामुळे पकड जमली तर पुष्कळ जणींना सिरिंज लागतच नाही.

माझ्या मते तुमची खरी लढाई दुसऱ्या रात्री आहे. तेव्हा बाळ तासातासाला मागतं आणि सगळ्यांना वाटतं दूध पुरत नाही. हे संध्याकाळच्या राउंडलाच सोबतच्या बाईला सांगून ठेवा. तिला एक काम द्या: बाळाने शी-शू केली की कागदावर खूण. पहिल्या दिवशी निदान एक लघवी, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्यापासून सहा किंवा जास्त. जन्मवजनातली घट ७ टक्क्यांपर्यंत चालते. १० टक्क्यांच्या पुढे गेली की पाजणं शेजारी बसून पाहा आणि बाळ डॉक्टरांना दाखवा. रात्री दोन वाजता समजावण्यापेक्षा हा कागद जास्त कामाचा आहे.

परिचारिका_उपजिल्हा:
ईसीजी पॅचचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आवारातल्या मेडिकलवाल्याने डबे अगदी दर्शनी मांडलेत, त्याचं काय करता येईल?

गटप्रवर्तक_आशा:
ताई, डबा विकायला बंदी नाही, पण १९९२ चा कायदा (२००३ मध्ये कडक झाला) दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं पर्यायी दूध, बाळआहार आणि बाटल्या यांची जाहिरात, मोफत नमुने, सवलत सगळं बंद करतो. दवाखान्यात कंपनीचं पोस्टर लावणं आणि कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देणंही त्यातच येतं. अधीक्षकांकडून मेडिकलवाल्याला लेखी पत्र द्या, तोंडी सांगून दोन दिवसांत डबे परत पुढे येतात.

डिस्चार्जचंही बघा. पहिलटकरीण माहेरी जाते आणि नोंद असते सासरच्या आशाकडे. मग ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवसाच्या गृहभेटी कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. सिझरची बाई घरी जाताना कार्डावर माहेरच्या गावाचं आणि तिथल्या आशाताईचं नाव लिहा, शक्य तर फोन तिथूनच लावा. घरी गेल्यावर सहाणेवर बाळगुटी उगाळणं सुरू होतंच, तेही जाण्याआधी आजीशी बोलून घ्या. नुसतं सुनेला सांगून उपयोग नाही, गुटी ती उगाळत नाही.