विषय: माहेरच्या नावाने कोणाला शोधायचं असेल तर

प्रेषक: वि. ना. (एडिसन, न्यू जर्सी; सध्या मुक्काम दादर)

मंडळी, नमस्कार.

फेब्रुवारीअखेरपर्यंत मुंबईत धाकट्या बहिणीकडे आहे. एक काम अंगावर घेतलंय आणि अडकलोय, म्हणून आपल्या मंडळाच्या ईमेल लिस्टला त्रास देतो.

आमची रुईया कॉलेजची बी.एस्सी. केमिस्ट्रीची १९८१ची बॅच. सगळ्यांना एकदा जमवायचं म्हणून मी आणि डोंबिवलीचा एक मित्र खटपट करतोय. मुलगे बहुतेक सापडले, दोघं गेल्याचंही कळलं. मुली १७ होत्या, त्यातल्या ६ लागल्या हाताला. बाकीच्यांची आमच्याकडे आहेत ती सगळी माहेरची नावं. लग्नात मधलं नाव आणि आडनाव तर जातंच, कित्येकींचं पहिलंही बदललेलं. फेसबुकवर शोधू काय, कपाळ?

एकीचा पत्ता मात्र आहे. तिचं लॉग टेबल, म्हणजे आकडेमोडीच्या कोष्टकांचं पुस्तक, माझ्याकडे राहिलं होतं. ते एडिसनपर्यंत कसं आलं विचारू नका, आईने बॅगेत काय काय कोंबलं होतं! पहिल्या पानावर निळ्या शाईत पूर्ण नाव, रोल नंबर, हिंदू कॉलनीतली इमारत, मजला आणि सहा आकडी फोन. (नाव इथे देत नाही, लिस्ट कुठे कुठे जाते ठाऊक आहे.) परवा जाऊन आलो. इमारतीच्या जागी टॉवर. वॉचमन म्हणाला, 'पुराना कोई नहीं.' आता?

वि. ना.

प्रेषक: मिलिंद (पिस्कॅटवे, न्यू जर्सी)

काका, तो सहा आकडी नंबर विसरा. मुंबईचे नंबर पुढे सात आकडी झाले आणि २००२मध्ये त्यापुढे २ लागून आठ झाले. कोणाकडे नव्वदच्या दशकातली डायरी असेल तर तिच्यातल्या सात आकड्यांपुढे २ लावून बघा. एखाद्या घरात लँडलाइन अजून असते.

आमच्या व्हीजेटीआयच्या बॅचचे पत्ते याहू ग्रुपवर होते. याहूने डिसेंबर २०२०मध्ये दुकान बंद केलं. सूचना आल्या होत्या, पण दुसरा कोणीतरी उतरवून घेईल असं प्रत्येकाला वाटलं. सगळे इंजिनिअर! तेव्हा जे सापडतील त्यांचे पत्ते कागदावर लिहा आणि दोघांकडे ठेवा.

व्हिडिओ कॉल करणार असाल तर मुंबईच्या सकाळी साडेआठला ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे अकरा असतात, नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं की दहा. आमचे दोघंजण दर नोव्हेंबरात तासभर उशिरा उगवतात.

मिलिंद

प्रेषक: शुभा (आधी एडिसन, आता मुलुंड)

वि. ना., तुमची मेल वाचून हसू आलं, कारण मीही अशीच एक हरवलेली होते.

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीने त्यात नवीन नाव लिहिलं. नाव सासूबाईंनी ठरवलेलं, मला पाच मिनिटं आधी कळलं. 'वाच' म्हणाले, मी वाचलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले असतील, पण नाव रेशनकार्डावर, पासपोर्टवर, बँकेत, सगळीकडे बसलं. कॉलेजातल्या मैत्रिणी जुन्या नावाने हाका मारत बसल्या आणि त्या नावाची बाई कुठल्या कागदावरच नव्हती.

मला कसं शोधलं सांगू? माझ्या भावाला शोधलं. भावाचं आडनाव बदलत नाही, घरही बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहतं. रिडेव्हलपमेंट झालं असलं तरी जुन्या भाडेकरूला बहुधा त्याच जागी फ्लॅट मिळतो. कोणी विकून बदलापूरला जातो, पण सगळे नाही. वॉचमन कालचा माणूस, त्याला काय विचारता? गल्लीच्या तोंडाशी जुना लाँड्रीवाला किंवा डेअरीवाला असेल, त्याला तिच्या वडिलांचं आडनाव सांगा.

आणि एक. सापडली तर भावाकडे तुमचा नंबर ठेवा, तिचा मागू नका. काहीजणी हरवलेल्या नसतात, त्यांना यायचंच नसतं. माझ्या वर्गातली एक कधीच आली नाही. तिला शोधून काढलं होतं मीच. ते करायला नको होतं.

शुभा

प्रेषक: वि. ना.

शुभाताई, तुमच्या तोंडात साखर पडो.

सविस्तर सांगतो. गुरुवारी डोंबिवलीकर मित्र बरोबर येणार होता. 'दादरला एक नंबरवर भेट' म्हणाला. मी वेस्टर्नच्या एक नंबरवर पाऊण तास उभा. तो सेंट्रलच्या एक नंबरवर म्हणून उभा, आणि त्या फलाटाचा नंबर डिसेंबर २०२३पासून ८ आहे. डोंबिवलीचा माणूस! त्याच्या लेखी तो अजून एकच. शेवटी पुलावर भेटलो.

गल्लीतला लाँड्रीवाला गेला, मुलगा दुकान चालवतो. त्याने आडनाव ऐकून वर न बघता सांगितलं, 'सातवा मजला, शर्टाला स्टार्च नको म्हणतात ते.' इस्त्री थांबली नाही. भाऊ घरीच होता. आम्ही दारात उभे, त्याला वाटलं सोसायटीच्या वर्गणीला आलोय. लॉग टेबल दाखवलं तेव्हा आत घेतलं. बहिणीचं अक्षर ओळखलं आणि नुसता त्या पानाकडे बघत राहिला. मग चहा, मग त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारपणाची हकीकत, निघायला आठ वाजले. माझा नंबर ठेवून आलो, तिचा मागितला नाही.

तिचा फोन आज सकाळी आला. पुण्याला असते, शाळेतून निवृत्त झाली. ४५ वर्षांनी पहिलं वाक्य काय असावं? 'माझं लॉग टेबल नेलंस तू. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाबांना दादर टीटीला दुसरं आणायला पाठवलं होतं मी.' मी म्हटलं, परत करतो. म्हणाली, कुरिअर नको, घेऊन ये. आणि तिच्याकडे दुसऱ्या तिघींचे नंबर आहेत. त्यांना विचारून देणार आहे.

म्हणजे ६च्या १० होतील असं दिसतंय.

वि. ना.

प्रेषक: मंडळाचं वाचनालय

वि. ना., आनंद झाला. परत करण्याचा विषय निघालाच आहे तर, आपल्या नावावर २०१९पासून २ पुस्तकं आणि एक दिवाळी अंक आहे. मार्चमध्ये आल्यावर बघावं.