परसातला जुना संडासाचा खड्डा: जागा कशी शोधायची, बाटल्या कशा काढायच्या?

परसदार:
पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात १८८० च्या सुमाराचं लाकडी घर, प्लॉट ४० फूट बाय १२० फूट, मागे गल्ली. घर आमच्याच मालकीचं आहे. अशा परसात संडासाच्या खड्ड्यात जुन्या औषधांच्या, सोड्याच्या बाटल्या मिळतात म्हणतात. जागा नेमकी कशी हेरायची? सरळ मधोमध खणत गेलं तर चालेल का?

सळईवाला:
फावड्याला हात लावण्याआधी दोन कामं करा. पहिलं, ८११ ला फोन (खणण्याआधी जमिनीखालच्या गॅस, वीज, पाण्याच्या वाहिन्या विचारायचा अमेरिकेतला नंबर). पेनसिल्व्हेनियात किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. ते फुकट खुणा करून देतात, पण फक्त कंपन्यांच्या वाहिन्यांच्या. मीटरनंतरची तुमची स्वतःची गॅसलाइन किंवा गॅरेजला गेलेली वायर त्यात येत नाही, ती तुम्हालाच शोधावी लागेल. दुसरं, सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे. १८६७ पासूनचे आहेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर पाहता येतात. परसातली छोटी चौकट, म्हणजे संडास, कधी दिसते, कधी नाही. नसली तर मागची हद्द धरा, त्यातही गल्लीकडचे दोन कोपरे आधी, कारण उपसा करणाऱ्यांची गाडी तिथूनच यायची.

मग सळई. स्प्रिंग स्टीलची, ३/८ इंच जाड, पाच फूट लांब, वर आडवी मूठ. टोकाला सळईपेक्षा किंचित जाड गोळी वेल्ड करून घ्या, म्हणजे दांडा मातीत घासत नाही आणि हाताला फक्त टोक कळतं. पाऊस पडून गेल्यावर एकेक फुटावर टोचत जा. न खणलेली जमीन दोन-तीन फुटांवर सळई अडवते. खड्डा असेल तिथे ती मुठीपर्यंत उतरते. कोळशाची राख लागली की करकर ऐकू येते, वीट लागली तर ठक्क. बाहेर काढून टोक पुसून बघा: करडी राख, तांबडा विटेचा भुगा, पांढरा चुना, चिकट काळी माती. हे एकाच जागी मिळालं तर खणण्यात अर्थ आहे. नुसती राख म्हणजे बहुतेक वेळा उकिरडाच. सळई हळूहळू अंगाच्या भाराने दाबा. आपटून घातली तर खालची बाटली फुटते.

थरवाचक:
मधोमध सरळ खाली जाऊ नका. आधी चारी कडा सापडू द्या. लाकडी फळ्यांचा खड्डा साधारण ३ बाय ४ ते ४ बाय ६ फुटांचा असतो. फळ्या कुजल्या तरी कडेला तपकिरी रेघ राहते.

वरचा थर भरावाचा: राख, विटा, खापरं, सगळ्यात अलीकडच्या बाटल्या. त्याखाली बऱ्याचदा चिकणमातीचं बूच, मग चुन्याच्या रेघा, आणि मग खरा थर, सोनखताचा. काळा, मऊ, बारीक. त्यात द्राक्षाच्या, रासबेरीच्या बिया दिसल्या की समजा पोहोचलात. इथून पुढे फावडं बंद. तीन दाती हातखुरपं आणि हातमोजे. खड्डा अधूनमधून उपसलेला असतो, त्यामुळे मधे काही उरत नाही. जुना माल कोपऱ्यांत आणि भिंतीलगत बुडाशी राहतो. कुठली बाटली कुठल्या थरात होती ते त्याच वेळी लिहून फोटो काढा. बाटली पुसून मांडली की ती माहिती कायमची गेली.

आता जिवाचं. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या आसपास भरतं. छातीपर्यंत गाडलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही. कामगारांसाठी अमेरिकन नियम ५ फुटांपासून खड्ड्याच्या भिंतींना आधार मागतो, तुम्ही ४ फुटांवरच धरा. काढलेली माती कडेपासून निदान २ फूट लांब, ताडपत्रीवर. शिडी कायम आत, वर दुसरा माणूस कायम हजर. एका बाटलीसाठी भिंतीत बोगदा करू नका, बहुतेक भिंती तिथेच ढासळतात. फिलाडेल्फियातले विटांचे गोल खड्डे २० फुटांहूनही खोल जातात. ते हौशी माणसाचं काम नाही, आणि आधाराची वीट तर कधीच काढू नका.

बुजवताना राडारोडा खाली, वर माती, दर ६-८ इंचांना धुम्मस. वर थोडा उंचवटा ठेवा, पावसाळी महिन्यांत तो बसतो.

काचपारखी:
वय ओळखायचं तर साच्याची शिवण बघा. ती ओठावरूनही गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे साधारण विसाव्या शतकातली. ओवेन्सचं यंत्र १९०३ चं. शिवण गळ्यातच विरत असेल तर त्याआधीची. बुडाला खडबडीत व्रण, म्हणजे पॉन्टिलची (बाटली घडवताना बुडाला चिकटवायच्या लोखंडी दांड्याची) खूण, असेल तर बहुधा १८६० च्या दशकातली किंवा त्याआधीची. क्राउन बुचाचं (कडेला दाते असलेल्या पत्र्याच्या झाकणाचं) तोंड १८९२ च्या आधी असूच शकत नाही. मेसनच्या (फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या) बरणीवरच्या '१८५८' ला मात्र भुलू नका. ती पेटंटची तारीख आहे, पुढे कित्येक दशकं तशीच उठवत राहिले.

गार मातीतून निघालेली बाटली लगेच कोमट पाण्याखाली धरली तर तडकते. सावलीत तासन्‌तास राहू द्या. बूच शाबूत आणि आत द्रव असेल तर उघडू नका, हुंगू नका. जुन्या औषधांत पारा, आर्सेनिक असायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन खणण्याआधीच घ्या.

वाडेकर:
पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या परसात असं काही मिळेल का?

थरवाचक:
फारसं नाही. आपल्याकडे शहरांत टोपलीचे संडास होते. ते रोजच्या रोज माणसांकडून उचलून नेले जात, साठायला खड्डाच नव्हता. गोटी सोड्याच्या बाटल्या (ती काढणाऱ्या कॉडचं पेटंट १८७२ चं) हव्या असतील तर जुन्या बाजारात बघा. आणि जमिनीत काही सापडलंच, तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: १० रुपयांवर किमतीची वस्तू असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.