मदत हवी आहे: नव्या शूटरमध्ये वळताना चित्र थिजतं, रॅम वाढवू की प्रोसेसर बदलू?

मंडळी, नवा फर्स्ट पर्सन शूटर १०८०पी वर सरासरी ९० एफपीएस (सेकंदाला ९० फ्रेम, म्हणजे चित्रं) देतोय, पण मोठ्या मॅपवर झटकन वळलं की चित्र क्षणभर थिजतं. एका फ्रेमला एरवी ११ मिलिसेकंद लागतात, तिथे थेट ८०. तेवढ्यात समोरचा गोळी घालून मोकळा होतो.

सहा कोरचा प्रोसेसर, ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, डीडीआर४ ची १६ जीबीची एकच स्टिक. गेम एसएसडीवर आहे.

टेक्स्चर मीडियमवर आणले, व्हीरॅमचा (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा) वापर ५.८ वरून ४.६ जीबीवर उतरला, अडकणं तसंच. शेडर कंपाइल (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम कार्डासाठी आधीच तयार करून ठेवणं) पूर्ण होऊ दिलं. पहिल्या स्फोटाला बसणारा झटका गेला, वळतानाचा नाही. त्या क्षणी कार्डाचा वापर ५५ टक्क्यांवर पडतो आणि प्रोसेसरचा एक कोर १०० ला टेकतो. म्हणजे कार्ड नुसतं वाट बघत बसलेलं असतं. टास्क मॅनेजरमध्ये रॅम २६६६ च्या वेगावर दिसत होती. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करून ३२०० केली, तर ८० मिलिसेकंदांचे ६० झाले. म्हणून माझा संशय सिंगल चॅनेलवर आहे, म्हणजे एकच स्टिक असल्याने रॅम आणि प्रोसेसरमधली एकच वाट वापरात असण्यावर.

तशीच दुसरी स्टिक घेऊन प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावली तर भागेल का, की प्रोसेसरच बदलावा लागेल? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया आधीचे-नंतरचे आकडे द्या. सरासरी एफपीएस नको, १ टक्का लो (सर्वात संथ १ टक्का फ्रेमचा एफपीएस) हवेत.