जंगलवाटांसाठी टायर : आधी पुढचा बदलावा की मागचा?

रानवाट

दोन्ही टायरांचे पैसे एकदम निघत नसतील तर आधी पुढचा बदला. आमच्या टोळीत सगळे उलटं सांगतात. मागे दणकट बटन टायर (उंच, सुट्या-सुट्या ठोकळ्यांचा) टाका, पुढे कंपनीचाच चालू द्या, म्हणतात. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

माझी गाडी एक्सपल्स 200. पुढे 90/90-21, मागे 120/80-18, तारांची चाकं, आत ट्यूब. गेल्या वर्षी मीही सगळ्यांचं ऐकून मागेच बटन टायर टाकला होता. मृगाचे दोन पाऊस झाले आणि नाशिककडच्या हरसूलच्या पुढे एका पाड्याकडे उतरणाऱ्या गाडीवाटेवर गेलो. दोन्ही बाजूंना साग. उन्हाळ्यात गळलेली पानं पावसाने भिजून एकावर एक थापली गेली होती. वरचं पान कोरडं दिसतं, खालचं लगदा झालेलं असतं आणि त्याखालची लाल माती साबणासारखी. वळण जेमतेम होतं, गाडी पहिल्या गिअरला. पुढचं चाक असं निसटलं की ब्रेकवर बोट जायच्या आत मी डाव्या कुशीवर पडलेलो. मागचा नवाकोरा टायर हवेत फिरत होता.

मागचं चाक घसरलं तर गाडी शेपूट हलवते. पायांवर उभं राहून, एक्सिलेटर सांभाळून तुम्ही ती सावरू शकता, तेवढा वेळ मिळतो. पुढचं घसरलं तर वेळच मिळत नाही. वळणात जमिनीला धरून ठेवतात ते कडेचे ठोकळे. त्यांच्यावर अंगठ्याचं नख फिरवून बघा. कडेला नख अडलं तर टायर जिवंत आहे, गुळगुळीत सरकलं तर मध्यभागी कितीही खोल नक्षी दिसू दे, उपयोग नाही.

यंदा पुढे बटन आणि मागे रस्ता-जंगल दोन्हीकडे चालणारा, अर्धा-अर्धा म्हणतात तो टायर टाकलाय. माझ्या मते आपल्या भागासाठी हीच जोडी बरोबर आहे.

चिकणमाती

रानवाट भाऊ, तुमचं हरसूल लाल मातीचं आणि मुरमाचं. आमच्या दिंडोरी-कळवणच्या शिवारात येऊन बघा. काळी माती ओली झाली की तुमचा तो अर्धा-अर्धा टायर पन्नास पावलांत भरतो. ठोकळ्यांमधली फट बुजली की बाहेरून दिसतो तो मातीचा गुळगुळीत रूळ, टायर आत कुठेतरी असतो. मग पुढचं चाक कितीही पकडू दे, गाडी ढकलणार कोण? मागच्या वर्षी माझ्या मित्राची हिमालयन एका नाल्याच्या चढावर आम्ही तिघांनी ओढून काढली. जवळजवळ दोनशे किलोची गाडी. दोन दिवस पाठ धरली होती.

मागच्या बटन टायरच्या ठोकळ्यांत जागा मोकळी असते ती उगाच नसते. चाक जोरात फिरलं की माती फेकली जाते आणि पुढच्या फेऱ्याला ठोकळा पुन्हा मोकळा होऊन जमिनीत रुततो. चिखलात हेच लागतं.

आणि पुढे बटन टाकायचा सल्ला देताना तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत, ती मला फार महत्त्वाची वाटते. जंगलापर्यंत आपण डांबरावरूनच जातो ना? पेठला जायचं तर पन्नासेक किलोमीटर महामार्ग, मध्ये सावळघाट, गुजरातकडचे ट्रक आणि श्रावणातला ओला रस्ता. बटन टायरचं रबर डांबराला टेकतं किती? ठोकळ्यांच्या माथ्यांपुरतं. जोरात ब्रेक मारला की उंच ठोकळे वाकतात, गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि हँडल हातात थरथरतं. गाडी थांबवायचं बरंचसं काम पुढचा टायर करतो, आणि तुम्ही नेमका तोच डांबरावर कमजोर करताय. जंगलात वीसच्या वेगाने पडलो तर कोपर खरचटतं. घाटात ट्रकसमोर घसरलो तर काय होतं, ते मला लिहायचं नाही.

पान्हापकड

तुमच्या दोघांच्याही गाड्यांत हवा किती असते ते आधी सांगा. टायरवर भांडणारे दहा जण भेटतात, हवा मोजणारा एखादाच.

पेट्रोल पंपावर हवा भरून तशीच गाडी रानात घालतात आणि मग टायरला नावं ठेवतात. टणक टायर दगडावरून उडतो, नरम टायर दगडाला कवेत घेतो. मी ट्यूबवाल्या गाडीला मुरमाच्या आणि गोट्यांच्या वाटेवर पुढे 20-22, मागे 22-24 पीएसआय ठेवतो. नुसता चिखल असेल तर 18. त्याखाली मी तरी जात नाही, कारण आपल्याकडचा काळा दगड सोडत नाही. टायर दगडावर आपटतो, रिम खाली येते आणि ट्यूब दोघांत चिमटली जाते. ट्यूब बाहेर काढली की शेजारी-शेजारी दोन चिरा दिसतात, साप चावल्यासारख्या. काटा लागल्याचं भोक एकच असतं. रानात पंक्चर काढायला बसलात तर आधी हे बघा. दोन चिरा असतील तर दोष हवेचा, काट्याचा नाही.

आणखी एक. ट्यूबच्या व्हॉल्व्हवर जी चकतीसारखी चाकी असते ती रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीपाशी नेऊन ठेवा. हवा कमी असताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. चाकी सैल असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो आणि तुम्ही वेळेत सरळ करता. आवळलेली असेल तर तो मुळातून फाटतो, आणि त्याला पॅच बसत नाही. याहून हवा कमी ठेवायची असेल तर रिम-लॉक (टायर रिमला आवळून धरणारी पकड) बसवा, जाड ट्यूब घाला.

परतताना डांबराला लागायच्या आधी पंपाने पुन्हा हवा भरायची. पायाचा साधा पंप पुरतो. कमी हवेवर महामार्गाला लागलात तर टायर तापतो आणि वळणात गाडी पोहते.

कातळ

पान्हापकड यांचा शब्द न् शब्द खरा. पण मी रानवाट आणि चिकणमाती दोघांच्याही विरुद्ध आहे. तुम्ही दोघं मातीबद्दल बोलताय. इगतपुरी, भावली, त्र्यंबकच्या मागची बाजू, इथे वाट मातीची कमी आणि दगडाची जास्त. आषाढात त्या दगडावर शेवाळ धरतं. ओल्या कातळात कुठलाही ठोकळा रुतत नाही. तिथे धरून ठेवतं ते मऊ रबर, आणि टेकलेलं रबर जेवढं जास्त तेवढं बरं. कडक रबराचा उंच बटन टायर कातळावर खिळ्यांच्या बुटांसारखा चालतो, म्हणजे चालतच नाही.

ट्रायल्स नावाचा खेळ आहे, दगडांवरून गाडी पाय न टेकता न्यायची. त्या गाड्यांचा मागचा टायर बघा. ठोकळे बुटके, जवळ-जवळ, रबर मऊ, बाजूची भिंत लवचीक. माप 4.00-18, म्हणजे 18 इंचाच्या रिमचंच. अमेरिकेत झाडांच्या मुळांतून आणि दगडांतून एन्ड्युरो (रानावनातून जाणारी लांब शर्यत) चालवणारे बरेच जण मागे हाच टायर लावतात. चिखलात तो लवकर भरतो, हे मान्य. आपल्याकडे सहज मिळत नाही, हेही मान्य. पण त्यातून शिकायचं ते हे की दुकानात टायर हातात घेतल्यावर ठोकळ्याची उंची बघण्याआधी तो नखाने दाबून बघा. नख रुतलं पाहिजे.

सातपूरकर

मी टायरच्या धंद्यात आहे. कुठला घ्या ते सांगत नाही, घेताना काय वाचायचं ते सांगतो, कारण गिऱ्हाईक नक्षी बघतं आणि बाजूच्या भिंतीवर लिहिलेलं कुणी वाचत नाही.

लांबट चौकटीत चार आकडे असतात, टायर कधी बनला ते सांगणारे. 2324 म्हणजे 2024 सालातला तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळालेला परदेशी बटन टायर पुष्कळदा गोदामात पडून जुना झालेला असतो. रबर वाळलेलं असतं, ठोकळ्यांच्या मुळाशी बारीक भेगा दिसतात. कातळ म्हणतात तसं नख रुतणं त्यात संपलेलं असतं, मग कंपनी कितीही मोठी असो. मापाच्या पुढचं अक्षर वेगाचं असतं. एम म्हणजे ताशी 130, पी म्हणजे 150, एस म्हणजे 180. बटन टायरांवर हे अक्षर बहुधा खालचं असतं. जंगलाला चालेल, पण तोच टायर लावून मुंबई-आग्रा महामार्गावर दिवसभर गाडी पिदडायची असेल तर विचार करा. बाण असेल तर त्या दिशेनेच बसवा. मागच्या टायरवर बाण नसेल आणि ठोकळ्यांची एक कड गोल झाली असेल तर टायर उलटा बसवा, दुसरी कड धारदार असते. पैसे वाचतात.

"नॉट फॉर हायवे यूज" असं लिहिलेला टायर मात्र रस्त्यावर आणू नका. तो मैदानाचा आहे. गाडी टेम्पोत घालून नेणाऱ्यांनी घ्यावा.

बोरगड

मी गाडी चालवतो, पण या धाग्यात अजून एकानेही जमिनीच्या बाजूने लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

मागे बटन टायर हवा, चाक जोरात फिरलं की माती फेकली जाते, असं चिकणमाती यांनी लिहिलंय. ती माती जाते कुठे? चढावर एका गाडीने मागचं चाक जागच्या जागी फिरवलं की वीतभर खोल चर पडतो. मागून दुसरी गाडी त्यातूनच जाते. मग एक मोठा पाऊस, आणि तो चर पाण्याची वाट होतो. दोन पावसाळ्यांत गाडीवाटेची घळ झालेली मी पाहिली आहे. तिथल्या पाड्यावरची बैलगाडी त्या वाटेने जायची बंद झाली. आपण रविवारी येऊन जातो, त्यांना रोज जायचं असतं.

आपल्या नाशिकजवळचं बोरगड हे राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव, 2008 सालचं. अंजनेरीच्या डोंगरावर अंजनेरीच्याच नावाची कंदीलपुष्पाची जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. माथ्यावरच्या पातळ मातीत ते फूल पावसाळ्यातच येतं. तिथे कुठला टायर चालेल हा प्रश्नच विचारू नये. आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय घुसणं हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हाच आहे.

चिकणमाती

बोरगड, तुमचं बोलणं मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. आम्ही जातो त्या शिवारातल्या आणि पाड्यांमधल्या गाडीवाटा असतात, राखीव जंगलात शिरत नाही. पण चर पाडला नाही असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. ज्या नाल्यावर हिमालयन अडकली होती तिथे दिवाळीनंतर गेलो होतो. आमच्या चाकाची जागा अजून दिसत होती.

तरी एक मुद्दा सोडत नाही. टायर पकडत नसला की चाक जास्त फिरतं, आणि फिरलं की उकरतं. चांगला बटन टायर हलक्या हाताने चालवला तर गाडी एका दमात चढ चढते, गुळगुळीत टायर दहा वेळा जागच्या जागी फिरतो. उकरणं टायरपेक्षा मनगटावर जास्त आहे.

कातळ

मनगटावर आहे, पण टायरवरही आहे. एफआयएमच्या, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, एन्ड्युरो नियमांत मागच्या टायरच्या ठोकळ्याला 13 मिलिमीटरची मर्यादा आहे. मोटोक्रॉसचे, म्हणजे आखलेल्या मातीच्या मैदानावरच्या शर्यतीचे, ठोकळे त्याहून उंच असतात. एन्ड्युरोच्या स्पर्धा राना-शेतांतून जातात आणि तिथे मर्यादा घालावी लागली, याचा अर्थ उंच ठोकळा उकरतोच. आपल्याला शर्यतही जिंकायची नाही. मग मोटोक्रॉसचा टायर लावून पाड्याच्या वाटेवर कशाला जायचं?

रानवाट

सगळं दोनदा वाचलं. चिकणमाती, डांबरावरच्या ब्रेकचं तुमचं म्हणणं मी कमी लेखलं होतं. परवा घरून त्र्यंबक रस्त्याला रिमझिम पावसात मुद्दाम मोकळा पट्टा बघून पन्नासवरून ब्रेक मारून पाहिला. गाडी माझ्या अंदाजापेक्षा निदान एका गाडीच्या लांबीने पुढे जाऊन थांबली. म्हणजे पुढे बटन लावणाऱ्याने डांबरावर वेग उतरवलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. मी आता ओल्या रस्त्यावर पन्नासच्या वर जात नाही.

पण पुढचा आधी, हे माझं मत कायम आहे, आणि बोरगड यांचं वाचून आणखी पक्कं झालं. मागे बुटक्या ठोकळ्यांचा टायर असला की मला चढ चढण्याआधी उतरून बघावं लागतं. वाट ओली दिसली तर मी परत फिरतो. मागे जाड बटन असताना मी कधीच परत फिरलो नव्हतो, एक्सिलेटर पिळून वर जायचो. पुढचा टायर मला पडू देत नाही, मागचा मला नको तिथे जाऊ देत नाही.

चिकणमाती

काळ्या मातीत तुमचा मागचा टायर तुम्हाला घरीही जाऊ देणार नाही, हे मी लिहून देतो.

एक करू. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला पेठ फाट्यावर या. पाऊस उघडून दोन दिवस झाले असतील तरच. माझ्या काकांच्या शेताची वाट आहे, त्यांच्याच मालकीची. एक चढ मुरमाचा, एक काळ्या मातीचा. दोन्ही चढांवर तुमची गाडी, मग माझी, हवा दोघांची सारखी. पान्हापकड, तुम्ही गेज घेऊन या, पंपावरच्या काट्यावर माझा विश्वास नाही. बोरगड यांनीही यावं, चर पडला तर फावडं आमच्याकडे आहे, बुजवूनच निघू.

बोरगड

येतो. फावडी दोन ठेवा.