जुनी छोटी पेट्रोल गाडी घरीच इलेक्ट्रिक करावी का?

चाकधरू
पत्रा धड आहे, चासिस गंजलेली नाही, फक्त इंजिनाने मान टाकलीय. अशी गाडी भंगारात घालणं मला पटत नाही. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, टाकी काढायची, गिअरबॉक्स आहे तोच ठेवायचा आणि अडॅप्टर प्लेट (मोटर आणि गिअरबॉक्स जुळवणारी धातूची जाड पट्टी) लावून मोटर जोडायची. हलक्या गाडीला शहरातल्या वेगात किलोमीटरला साधारण १२० वॉट-तास लागतात, म्हणजे १० युनिटच्या बॅटरीत ऐंशीएक किलोमीटर. रोजच्या कामाला पुष्कळ झालं. पेट्रोलचा एकेक लिटर जळताना २.३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि त्यातली बहुतेक ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. लेथवाल्याच्या मदतीने हे काम घरच्या गॅरेजमध्ये होऊ शकतं, असं माझं ठाम मत आहे. विरोध जरूर करा, पण कारणं द्या.

ब्रेकशू
माझा विरोध आहे, आणि कारण ब्रेक. मोटर-बॅटरीवर सगळे भरभरून बोलतात, ब्रेकचं नाव कोणी काढत नाही. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असलेल्या गाडीत तो इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, व्हॅक्युमवर चालतो. इंजिन गेलं की व्हॅक्युम गेला, आणि पेडल दगडासारखं घट्ट. मग इलेक्ट्रिक पंप हवा, व्हॅक्युमची टाकी हवी, आणि पंप बंद पडला तर ओरडणारा बझरही हवा. हा बझर किती जण बसवतात?
शिवाय वजन. पुढून इंजिन निघतं आणि सगळे सेल डिकीत जातात. पुढची चाकं हलकी झाली की जोरात ब्रेक दाबल्यावर ती आधी लॉक होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. ते रस्त्यावर कळून उपयोग काय?

चाकधरू
बझरचं शंभर टक्के मान्य. वजनाचं नाही. १०० अँपिअर-तासाचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल दोन किलोच्या आसपास असतो. असे ३० सेल म्हणजे ९६ व्होल्ट आणि साधारण ६० किलो. पेटी, पट्ट्या धरूनही काढलेल्या सामानापेक्षा हे फार जड होत नाही. अर्धे सेल पुढे, अर्धे टाकीच्या जागी ठेवा. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर पुढचा-मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा काट्यावर घाला. आकडे समोर आले की वाद उरत नाही.

फ्यूजतार
९६ व्होल्ट इतक्या सहज लिहिलंत! पूर्ण चार्ज झाल्यावर ते ११० च्या जवळ जातात. घरगुती वायरिंग केलेला माणूस इथेच फसतो. एसी करंट दर सेकंदाला शंभर-एक वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडल्यावर ठिणगी विझते. डीसीला शून्य नाही, ठिणगी पेटती राहते. म्हणून फ्यूज, ब्रेकर, काँटॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा मोठा स्विच) सगळं डीसीच्या रेटिंगचंच लागतं.
दुसरं, मोटरला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असताना बॅटरी थेट जोडली तर पहिल्या क्षणाचा करंट काँटॅक्टरचे पॉइंट वेल्ड करून टाकतो. मग किल्ली बंद केली तरी बॅटरी तुटत नाही. कपॅसिटर हळूहळू भरणारा प्रीचार्जचा रेझिस्टर आधी, मुख्य काँटॅक्टर नंतर. हे न समजता कोणी हात घालू नये.

सोळासेल
मग ४८ व्होल्टवर करा ना. १६ सेल पूर्ण चार्ज होऊन ५८.४ व्होल्ट, म्हणजे ६० च्या आत. शॉक लागण्याचा धोका बराच कमी.

फ्यूजतार
शॉकचा कमी, आगीचा नाही. १५ किलोवॉट ओढायचे तर ९६ व्होल्टवर दीडशे अँपिअर पुरतात, ४८ वर तीनशे लागतात. करंट दुप्पट झाला की त्याच केबलमध्ये, त्याच जोडात उष्णता चौपट. केबलच्या टोकाचा एक लग नीट क्रिंप झाला (दाबून बसला) नाही किंवा एक नट ढिला राहिला, तर आधी इन्सुलेशन तपकिरी होतं, मग वितळतं. आणि पाना निसटून सेलच्या दोन टोकांवर पडला तर ३.२ व्होल्टही पुरेसे आहेत. पान्यांना टेप गुंडाळा, हातातली अंगठी काढा.

ब्रेकशू
हेच तर म्हणतोय. एवढं सगळं एकट्याने सांभाळायचं आणि गाडी न्यायची माणसांच्या गर्दीत. जोखीम फक्त मालकाची असती तर मी काही बोललो नसतो. पेटी चार स्क्रूंवर बसवलेली असेल तर टक्कर झाल्यावर ती सीटवर येते. नोंदणी आणि विमा बदलून घेतल्याशिवाय ही गाडी फाटकाबाहेर काढूच नये.

चाकधरू
तपासणीला माझा विरोध कधीच नव्हता. जोडणी घरी, तपासणी बाहेरच्या जाणकाराकडून, मंजुरी मिळाल्यावरच रस्ता. पण काम अवघड आहे म्हणून ते फक्त कंपन्यांनी करावं, हे मी मानणार नाही. ज्याने प्रत्येक नट स्वतः आवळला, त्याला कुठलं जोड तापतं ते आधी कळतं.

फ्यूजतार
मंजुरीला जाण्याआधी एक मापन घरी करा. बॅटरी आणि बॉडी यांच्यातला इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे वीज बॉडीत गळू न देणारा अडथळा. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. १०० मध्ये डीसीसाठी व्होल्टमागे किमान १०० ओहम सांगितलेत, म्हणजे तुमच्या ११० व्होल्टला ११ हजार ओहम. धडधाकट गाडीत तो याच्या कितीतरी पट यायला हवा. आणि मोजाल ते गाडी खालून-वरून धुऊन, ओली असताना. कोरड्या गॅरेजमधला आकडा मी धरणार नाही.