लाईट गेली की सोलर पण बंद, असं का?

विश्रामबागकर: घरावर ३ किलोवॅटचं ऑनग्रिड सोलर (ग्रिडला म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं) बसवलंय, सबसिडीचे ७८ हजार पण जमा झाले, पण भर दुपारी लाईट गेली की हे पण बंद, वर कडक ऊन आणि खाली पंखा नाही, मग काय उपयोग?

कृष्णाकाठ: फॉल्ट नाही भावा. पॅनलमधनं डीसी येतो, इन्व्हर्टर त्याचा एसी करतो पण ग्रिडचं व्होल्टेज आणि ५० हर्ट्झ बघून त्याला जुळवून. ग्रिड गेलं की त्यानं बंद व्हायलाच पाहिजे, नाहीतर तुझी वीज उलटी लाईनवर जाणार आणि पोलवर चढलेला वायरमन कामातनं गेला. 

सातारकर: बॅकअप पाहिजे तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड गेलं तरी बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी, खर्च बराच वाढतो. लाईट क्वचित जात असंल तर माझ्या मते नको त्या फंदात पडू. नेट मीटर आहे न? दिवसाची जादा युनिटं बाहेर जातात ती बिलात वजा होतात.

विश्रामबागकर: मीटर आहे. पण परवापासनं युनिटं पण कमी दिसाय लागलीत

कृष्णाकाठ: उसाचं पाचट पेटवलंय का कुणी जवळ? पॅनलवर काळी राख बसली असंल, सकाळी गार असताना धू, तापल्या काचंवर पाणी नको मारू